बेस, मधलं की टॉप? थंडीतल्या रस्त्याला विचारून गाडी ठरवू या

 

गटांच्या बैठकांना फिरताना यंदा एक विषय आम्हाला सारखा ऐकू आला. सोयाबीनचे पैसे हातात आले आहेत, उसाचं बिल यायचं आहे, आणि घरात मोठी गाडी घ्यायचं चाललं आहे. कुणाची बोलेरो, कुणाची आणखी दुसरी. पोरगा म्हणतो, घ्यायची तर टॉप मॉडेल. मालक म्हणतात, बेस घेऊ, बाकीचं बाहेरून बसवू. आणि घरातली बाई काय म्हणते? तिला कुणी विचारलेलंच नसतं. कर्जाच्या कागदावर मात्र तिची सही असते. कुठे ती कर्जदार असते, कुठे सहकर्जदार, कुठे डाउन पेमेंटसाठी गटातून तिच्या नावावर पैसे उचललेले असतात.

हप्ता आपण फेडणार असू, पहाटे त्या गाडीत लेकरं घेऊन आपणच बसणार असू, तर कुठलं मॉडेल घ्यायचं यात आपलं मत पाहिजे. मत द्यायचं तर माहिती पाहिजे. म्हणून आज आपण एकच गोष्ट समजून घेऊ: एकाच गाडीच्या बेस, मधल्या आणि टॉप मॉडेलमध्ये नेमका फरक काय असतो, आणि आपल्याकडच्या थंडीत रोज गाडी चालवायची तर त्यातल्या कुठल्या फरकासाठी पैसे मोजावेत.

मॉडेल म्हणजे पायऱ्या

कंपनी एक गाडी बनवते आणि तिच्या तीन-चार पायऱ्या करते. इंजिन बहुतेक तेच, सांगाडा तोच. फरक असतो तो वर चढवलेल्या सामानाचा. बोलेरोचंच बघा. ही गाडी २००० सालापासून आपल्या रस्त्यावर आहे. अलीकडच्या वर्षांत तिच्या बी ४, बी ६ आणि बी ६ ऑप्शनल अशा पायऱ्या होत्या, २०२५ मध्ये त्यावर बी ८ आली. बी ४ म्हणजे साधी. बी ६ ला काचा बटणावर खालीवर होतात, सगळी दारं एकदम लॉक होतात. बी ६ ऑप्शनलला पुढे खाली फॉग लॅम्प आणि वळणावर बाजूला उजेड टाकणारे दिवे मिळू लागले. बोलेरो निओच्या अलीकडच्या वर्षांतल्या पायऱ्या एन ४, एन ८, एन १० आणि एन १० ऑप्शनल अशा होत्या. कुठल्या पायरीला काय देतात हे कंपन्या दर वर्ष-सहा महिन्यांनी बदलत असतात. त्यामुळे शेजारच्याने दोन वर्षांपूर्वी घेतलेली गाडी पाहून ठरवायचं नाही, आजचा छापील तक्ता मागून घ्यायचा.

आता प्रत्येक पायरी चढताना तीन प्रकारचं सामान एकत्र बांधून दिलेलं असतं. काही सामान जिवाच्या उपयोगाचं, काही सोयीचं, काही नुसतं दाखवायचं. दुकानदार किराण्याच्या पिशवीत तांदळाबरोबर बिस्किटाचा पुडा टाकतो आणि दोन्हींचे पैसे घेतो, तसंच हे आहे. तांदूळ किती आणि बिस्कीट किती, हे आपण निवडून बघायचं.

आपली थंडी कशी असते

परदेशात बर्फ पडतो. तिथे थंडीची गाडी म्हणजे बर्फाचे टायर, गरम होणारी सीट, चारी चाकांना ओढ. आपल्याकडे बर्फ नाही, पण आपल्या थंडीचे स्वतःचे धोके आहेत, आणि रोज या रस्त्याने जाणाऱ्या बाईला ते कुणी सांगायला नकोत.

पहिला धोका उसाच्या वाहनांचा. दिवाळीनंतर गाळप सुरू झालं की फडातून निघालेले ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, आणि बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. कित्येकांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ऊस ट्रॉलीच्या बाहेर लोंबतो आणि दिवा असला तरी झाकून टाकतो. सोलापूर-हैदराबाद महामार्गावर भरधाव ट्रक आणि त्यातच ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चाललेली ही ट्रॉली. गाव-रस्त्यावर तर ती अर्धा रस्ता व्यापते.

दुसरा धोका धुक्याचा आणि धुराचा. नळदुर्गजवळ बोरी नदीच्या काठाला, तलावांच्या कडेला, पाणी दिलेल्या रानातून पहाटे धुकं उठतं. त्यात कुणी पाचट पेटवलं असेल तर धूर आणि धुकं एक होतं आणि दहा पावलांवरचं दिसत नाही.

तिसरा धोका माणसांचा. पौष महिन्यात तुळजापूरला शाकंभरी नवरात्र, पौष पौर्णिमेला नळदुर्ग-मैलारपूरची खंडोबाची यात्रा. पायी जाणारी माणसं अंधारात रस्त्याच्या कडेने चालत असतात. शिवाय ऊसतोडीच्या टोळ्यांची लेकरं रस्त्यालगतच्या कोप्यांवर राहतात.

चौथा धोका ओल्या रस्त्याचा. दव पडलेलं, त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली काळी माती आणि सांडलेलं पाचट. पाऊस नसतानाही रस्ता निसरडा होतो.

हे चार धोके लिहून काढले की गाडीत काय पाहिजे ते आपोआप कळतं. पुढचं दिसलं पाहिजे. आपण दुसऱ्याला दिसलं पाहिजे. गाडी वेळेत आणि सरळ थांबली पाहिजे. आणि थांबलीच नाही तर आतली माणसं वाचली पाहिजेत. टॉप मॉडेलच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ या चार गोष्टींवर घासून बघायची.

बेस मॉडेलमध्येही काय असतंच

बऱ्याच बायांना वाटतं की बेस म्हणजे उघडी-बोडकी गाडी. तसं आता राहिलेलं नाही. कायद्याने काही गोष्टी सगळ्या पायऱ्यांना सक्तीच्या केल्या आहेत. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस, एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना आली. १ जुलै २०१९ पासून पट्टा न लावल्यास वाजणारी सूचना, वेग ८० च्या पुढे गेला की इशारा आणि गाडी मागे घेताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. ड्रायव्हरपुढची एअरबॅगही २०१९ मध्येच सक्तीची झाली, आणि शेजारच्या सीटपुढची एअरबॅग १ जानेवारी २०२२ पासून सगळ्या नव्या गाड्यांना आली.

या तारखा वहीत लिहून ठेवा, कारण आपल्याकडे कितीतरी जणी जुनी गाडी घेतात. २०१७-१८ चं टॉप मॉडेल आणि २०२२ नंतरचं बेस मॉडेल साधारण एकाच भावात मिळत असेल, तर आरसीवर बनल्याचा महिना आणि वर्ष बघा. जुन्या टॉपला गाणी वाजवायची मोठी पाटी असेल आणि शेजारच्या सीटपुढे एअरबॅग नसेल, असं होऊ शकतं. तिथे बहुतेक आपणच बसतो, मांडीवर लेकरू घेऊन. लेकराला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर एअरबॅग असलेल्या गाडीत आणखी धोक्याचं. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत, फार जोराने फुगते आणि लेकरू तिच्या आणि आपल्या मध्ये सापडतं. लेकरं मागेच बसवायची.

दिसण्यासाठी: दिवे आणि काचा

सर्वांत आधी फॉग लॅम्प. धुक्यात मोठा बीम लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तो उजेड परत आपल्याच डोळ्यांवर फेकतात. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली बसवलेला असतो. त्याचा उजेड रुंद आणि जमिनीलगत पडतो, त्यामुळे निदान रस्त्याची कड आणि पांढरी पट्टी दिसते. उजेड पिवळा की पांढरा यावर भांडण नको, तो खाली आणि रुंद पडतो का ते महत्त्वाचं. बहुतेक गाड्यांत फॉग लॅम्प मधल्या किंवा वरच्या पायरीला मिळतात. बाहेरून बसवता येतात, पण ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येच बसवून घ्या. रस्त्याकडेच्या दुकानात वायर कापून जोडणी केली तर वायरिंगच्या वॉरंटीचा वाद होतो आणि शॉर्ट व्हायची भीती वेगळी. बेस अधिक बाहेरून फॉग लॅम्प, की मधली पायरी, याचं लेखी कोटेशन मागून तुलना करा.

पुढे दिवसा आपोआप लागणारी एलईडीची पट्टी दिसायला छान असते. पण तिच्यामुळे एक फसगत होते. बहुतेक गाड्यांत ती पट्टी लागली की फक्त पुढचा उजेड लागतो, मागचे लाल दिवे लागत नाहीत. आपल्याला वाटतं दिवे चालू आहेत, आणि मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसतच नाही. टॉप मॉडेलमधले आपोआप लागणारे हेडलाइट अंधार ओळखतात, धुकं ओळखतीलच असं नाही. म्हणून पहाटे हेडलाइटचं बटण हाताने चालू करायचं, गाडी पंधरा लाखांची असो की आठ लाखांची. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावून ठेवायचे नाहीत. आपण कुठे वळतोय ते मागच्याला कळत नाही. ते दिवे गाडी बंद पडून उभी राहिली तर लावायचे.

आता काचेचं बघू. पहाटे सात-आठ जणी गाडीत बसल्या, काचा वर केल्या की पाच मिनिटांत समोरची काच आतून धुरकट होते. आपल्या श्वासातला ओलावा थंड काचेवर बसतो, चहाच्या झाकणावर वाफ बसते तसा. पदराने पुसलं की परत येतं. उपाय असा की हवा काचेकडे वळवायची, बाहेरची हवा आत येणारं बटण लावायचं, हीटर चालू करायचा आणि सोबत एसीही चालू करायचा. थंडीत एसी कशाला असं वाटेल, पण एसी हवा कोरडी करतो. इंजिन गरम झालं की हीटरला उष्णता तिथूनच मिळते. हे सगळं बेस मॉडेलमध्येही जमतं, फक्त गाडीला हीटर आणि एसी दोन्ही आहेत ना ते विचारा.

मागच्या काचेला मात्र पायरीप्रमाणे फरक पडतो. मागच्या काचेत बारीक तारा असतात, त्या तापून ओलावा घालवतात. त्याला डिफॉगर म्हणतात. मागचा वायपर दव आणि धूळ पुसतो. उभ्या पाठीच्या गाडीच्या मागच्या काचेवर धूळ फार बसते आणि आपल्या कच्च्या रस्त्यांवर ती रोजची आहे. डिफॉगर आणि मागचा वायपर दोन्ही बहुधा वरच्या पायऱ्यांना असतात आणि नंतर बसवणं सोपं नसतं. रोज पहाटे निघायचं असेल, दुधाला, मोंढ्यावर किंवा सोलापूरच्या बाजाराला, तर यासाठी पैसे मोजायला हरकत नाही.

आणखी दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक म्हणजे हेडलाइट खालीवर करणारं छोटं चाक, ते बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला असतं. मागे माणसं किंवा पोती भरली की गाडीचं नाक वर होतं आणि आपला उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ते चाक फिरवून उजेड खाली घ्यायचा. दुसरी गोष्ट, ड्रायव्हरची सीट उंच करता येते का. गटातल्या ज्या ताई गाडी शिकल्या आहेत त्यांची उंची पाच फूट असेल, तर बॉनेटच्या पुढचं दिसायला सीट वर यावी लागते. ही सोय बऱ्याचदा बेसला नसते. घरात बाई गाडी चालवणार असेल तर ही सोय दिसण्याच्या यादीत धरा, हौसेच्या नव्हे.

थांबण्यासाठी: वेग, टायर आणि ईएससी

थोडा हिशोब करू. ताशी ८० च्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ट्रॉली दिसली, पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद गेला तरी ३३ मीटर संपले. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी पस्तीसेक मीटर. एकूण सत्तरच्या आसपास. ताशी ६० ला हाच आकडा ४५ मीटरच्या आसपास येतो. हेडलाइटच्या खालच्या बीममध्ये बिनदिव्याची ट्रॉली पन्नास-साठ मीटरवर दिसली तर दिसली. म्हणजे ६० ला आपण थांबू शकतो, ८० ला नाही. रस्ता ओला असेल तर दोन्ही अंतरं आणखी वाढतात. कुठलंही टॉप मॉडेल हा हिशोब बदलत नाही. रात्रीचा वेग ६० च्या आत, ही अट घरच्यांना घालायला पैसे लागत नाहीत.

पायरीप्रमाणे मिळणारी आणि खरंच कामाची गोष्ट म्हणजे ईएससी. एबीएस चाकं जाम होऊ देत नाही. ईएससी त्याच्या पुढचं काम करतं. ट्रॉली चुकवायला स्टिअरिंग झटकन फिरवलं आणि गाडी घसरून आडवी व्हायला लागली, तर ते हव्या त्या एकेका चाकाला स्वतःच ब्रेक लावून गाडी सरळ ठेवायला मदत करतं. उंच गाडीला हे जास्त गरजेचं, कारण उंच गाडी उलटायची भीती जास्त. काही गाड्यांत हे फक्त वरच्या पायरीला देतात. पण टाटा नेक्सॉन किंवा महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ अशा काही गाड्यांत सहा एअरबॅग आणि ईएससी खालच्या पायरीपासूनच आहेत. सहा एअरबॅग कायद्याने सक्तीच्या नाहीत, म्हणून हे प्रत्येक गाडीला विचारावंच लागतं.

टायरचं बघा. टॉप मॉडेलला मोठी चकचकीत अलॉय चाकं असतात आणि त्यांवर बऱ्याचदा कमी जाडीचा टायर. खड्ड्यात आपटलं तर अलॉयला तडा जातो, टायर महाग मिळतो. आपल्या रस्त्यांना साधी लोखंडी डिस्क आणि जाड कडेचा टायर चांगला. थंडीत हवा आक्रसते. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरची हवा साधारण एक पीएसआयने, म्हणजे पंक्चरवाला सांगतो त्या आकड्यातल्या एकाने कमी होते. दुपारी तीस अंशांत भरलेली हवा पहाटे बारा अंशांत तीनने कमी भरते. म्हणून हवा सकाळी, गाडी चालायच्या आधी तपासायची. हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा टॉपला असतो. तो असला तर बरा, नसला तर आठवड्याला पाच मिनिटं काढायची. नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झालेला टायर चालवणं कायद्यानेही चालत नाही.

चारी चाकांना ओढ असलेली गाडी हवी का? ती ओढायला मदत करते, थांबायला नाही. बोलेरो निओच्या एन १० ऑप्शनलला मागचं एक चाक चिखलात नुसतं फिरायला लागलं की दुसऱ्यालाही जोर देणारी सोय आहे. काळ्या रानाच्या वाटेने पावसाळ्यात रोज वस्तीवर जाणाऱ्या घराला तिचा उपयोग आहे. थंडीत, डांबरी रस्त्याने फिरणाऱ्याने त्यासाठी वरची पायरी चढायची गरज नाही.

वाचण्यासाठी: तारे आणि पट्टे

गाड्या आपटवून तपासतात आणि त्यांना तारे देतात. आपल्या देशाची स्वतःची तपासणी, भारत एनकॅप, १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. त्याआधीपासून ग्लोबल एनकॅप ही परदेशी संस्था भारतातल्या गाड्या तपासते. तारे मोठ्या माणसांसाठी वेगळे आणि लेकरांसाठी वेगळे असतात. २०२४ मध्ये बोलेरो निओला ग्लोबल एनकॅपमध्ये एक तारा मिळाला. त्याच वर्षी त्याच कंपनीच्या एक्सयूव्ही ३एक्सओला भारत एनकॅपमध्ये पाच तारे मिळाले. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आतल्या. एकीत सात जण बसतात, दुसरीत पाच.

यावरून एक गोष्ट पक्की समजते. कमकुवत सांगाड्याच्या गाडीचं टॉप मॉडेल घेतलं म्हणून सांगाडा बदलत नाही. म्हणून आधी गाडीचे तारे बघायचे, मग तिच्या पायऱ्या. सात माणसांची खरंच रोज गरज आहे का, हेही इथेच ठरवा. वर्षातून चार वेळा यात्रेला जायला सात सीट लागतात आणि बाकी वर्षभर चौघंच फिरतात, असं कितीतरी घरांत असतं.

मागे समोरासमोर आडव्या सीट असलेल्या गाड्यांत त्या सीटला पट्टे आहेत का ते बघा. अनेक गाड्यांत नसतात. मग लेकरं आणि म्हातारी माणसं मधल्या रांगेत बसवायची, मागे नाही. पट्टा मागच्या सीटवरही लावायचा. साडीवर पट्टा लावायला अवघडतं हे आम्हालाही माहीत आहे. खालचा पट्टा पोटावरून न घेता मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावरून घ्यायचा, वरचा खांद्यावरून छातीच्या मधून. पोटुशी बाई असेल तर खालचा पट्टा पोटाच्या खालून जाईल एवढं बघायचं. दवाखान्याला पहाटे नेताना हे विसरायचं नाही.

हौसेची यादी

छताला काच, मोठी टचस्क्रीन, रंगीत आतले दिवे, चामड्याच्या सीट, गार हवा सोडणाऱ्या सीट, क्रोमच्या पट्ट्या. यातल्या कशानेही थंडीतला रस्ता सोपा होत नाही. हौस वाईट नाही, हौसेला मोल आहे. फक्त ती हौस आहे हे कबूल करून तिचे पैसे वेगळे मोजा. मागे बघायचा कॅमेरा मात्र अर्धा हौसेचा, अर्धा कामाचा. अंगणात लेकरं खेळतात, गाडी मागे घेताना सेन्सर वाजतो पण लेकरू दिसत नाही, कॅमेऱ्यात दिसतं. तो बाहेरूनही बसवता येतो. चढायला पायपट्टीही बाहेरून बसते. म्हाताऱ्या माणसांसाठी ती घ्याच.

एका पायरीची किंमत

दोन पायऱ्यांमध्ये १ लाख रुपयांचा फरक आहे असं धरू. तो फरकही कर्जातच जातो. १० टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी १ लाखाचा हप्ता महिन्याला सुमारे २,१२५ रुपये येतो. महिना शंभर रुपये बचत करणाऱ्या एकवीस बायांची बचत एवढी. पाच वर्षांत लाखाचे सुमारे १ लाख २७ हजार होतात.

त्यावर कर. महाराष्ट्रात स्वतःच्या वापराच्या गाडीचा रस्ता कर किमतीच्या टक्क्यांत एकदाच भरतात. डिझेल गाडीला १० लाखांपर्यंत १३ टक्के, त्याच्या वर २० लाखांपर्यंत १४ टक्के. पेट्रोलला अनुक्रमे ११ आणि १२ टक्के. आता गंमत बघा. डिझेल गाडीची मधली पायरी ९ लाख ९० हजारांची असेल तर कर १ लाख २८ हजार ७०० होतो. वरची १० लाख २० हजारांची असेल तर १ लाख ४२ हजार ८०० होतो. तीस हजारांची वरची पायरी नुसत्या करातच आणखी चौदा हजार खाते. विमाही किमतीवर वाढतो. हे दर बदलू शकतात म्हणून घेण्याच्या दिवशी आरटीओकडे खात्री करा. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर कराचा दर वेगळा आणि जास्त असतो. गटाच्या गाडीने भाड्याची माणसं न्यायची असतील तर पिवळी पाटी आणि परमिट लागतं. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडं मारलं आणि अपघात झाला, तर विम्याचे पैसे अडकतात.

शोरूममध्ये जाताना

एकटीने जाऊ नका, दोघी-तिघी जा. वहीत चार रकाने करा: दिसणं, आपण दिसणं, थांबणं, वाचणं. प्रत्येक पायरीचा तक्ता घेऊन त्यातलं सामान या रकान्यांत भरा. जे कुठेच बसत नाही ते हौसेच्या रकान्यात. मग एक्स-शोरूम किंमत, कर, विमा, सामानाचा संच आणि इतर खर्च, असं सगळं वेगवेगळं लिहिलेलं कोटेशन सहीशिक्क्यासह मागा. सामानाचा संच घ्यायलाच हवा असं नसतं. विमा बाहेरून घ्यायचा हक्क आपल्याला आहे. टॉप मॉडेल दाखवून बेसचा भाव सांगतात, म्हणून घेणार असाल तीच पायरी चालवून बघायला मागा, आणि जमलं तर दिवस मावळताना, म्हणजे दिव्यांचा उजेड कळेल.

आमचं मत विचाराल तर आपल्याकडच्या बहुतेक घरांना मधली पायरी पुरते: जिथे फॉग लॅम्प, मागची काच साफ ठेवणारी सोय आणि ईएससी मिळतं ती. हे सगळं खालच्या पायरीला मिळत असेल तर खालचीच घ्यावी. आणि मधलीतही मिळत नसेल, तर त्या गाडीचं टॉप घेण्याआधी दुसरी गाडी बघावी.

वाचलेल्या पैशातून थोडे बाजूला काढा. चांगले टायर, गाडीत बॅटरी, रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण, औषधाची पेटी. आणि आपल्याच घरच्या ट्रॉलीला, बैलगाडीला मागून लाल चमकणारी पट्टी लावून घ्या. ती पट्टी अगदी कमी पैशात मिळते आणि कुणाच्या तरी बेस मॉडेलला आपली ट्रॉली वेळेत दिसते.

पुढच्या बैठकीत ज्या घरी गाडी घ्यायचं चाललं असेल तिथल्या ताईने आपला चार रकान्यांचा कागद आणावा. सगळ्यांनी मिळून तो वाचावा, प्रश्न विचारावेत, आणि कर्जाच्या कागदावर सही त्यानंतरच करावी. रस्ता नीट दिसो, गाडी वेळेत थांबो. नमस्कार.